वाचलेल्या तासाचा सातबारा

माझा एक भाचा संगणक-अभियंता आहे. नोकरी पुण्याच्या एका कंपनीत. पण २०२० च्या टाळेबंदीत तो नाशिकला परतला तो परतलाच, आणि गंगापूर रोडवरील आमच्या घराची माडीवरची खोली हीच त्याची कचेरी झाली. कंपनीच्या अमेरिकन गिऱ्हाइकाकडून रोज पहाटे हिशेबाच्या तीन फायली येत. त्या एकमेकींशी ताडून, रकमा जिथे जुळत नसतील तिथे खुणा करून दुपारच्या आत एक तक्ता रवाना करायचा, हे त्याच्या अनेक कामांपैकी एक काम होते आणि त्याला रोजचे पावणेतीन तास लागत. एका दिवाळीच्या सुट्टीत, फराळाची बशी शेजारी ठेवून, त्याने हे सारे आपोआप उरकणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. त्याच्या भाषेत 'स्क्रिप्ट'. पावणेतीन तासांचे काम अकरा मिनिटांत होऊ लागले.

पुढचे दोन महिने त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. ते दोन महिने मला चांगले आठवतात, कारण घरात त्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता. सकाळी तो पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून येई, येता येता मिसळ खाऊन येई, आईला भाजीबाजारात नेई, आणि कॉलेजात असताना सुटलेली बासरी त्याने पुन्हा बाहेर काढली होती. मग जानेवारीत अप्रेजलची वेळ आली, आणि प्रामाणिकपणामुळे म्हणा, की आपले कसब कोणाला तरी दाखवावे या स्वाभाविक हौसेमुळे म्हणा, त्याने ते गुपित मॅनेजरपुढे उघड केले. वाहवा झाली, टीमच्या मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, ईमेलने एक प्रशस्तिपत्र आले, त्यात त्याच्या आडनावाचे स्पेलिंग चुकले होते, आणि पुढच्या सोमवारपासून आणखी दोन टीमचे तसलेच तक्ते त्याच्याकडे सोपवण्यात आले. त्यांच्या फायलींची घडण निराळी असल्यामुळे स्क्रिप्ट रोज कुठे ना कुठे अडे. "मामा," तो मला म्हणाला, "आधी मी एका रिपोर्टचा मालक होतो, आता तीन रिपोर्टांचा गडी झालोय." बासरी पुन्हा कपाटावर गेली.

उत्पादकता वाढली की काम करणाऱ्याचे आयुष्य सुधारते, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यातल्या दोन टोकांच्या मधला पूल कोणी पाहिला आहे काय, असे विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत उत्पादकता हा केवळ एक भागाकार आहे: वर निघालेले काम, खाली लागलेला वेळ. भागाकार मोठा झाला म्हणजे काहीतरी उरले एवढेच त्यातून कळते. जे उरले ते कोणाच्या पदरात पडले, याविषयी तो मौन पाळतो. जमिनीचा तंटा असता तर तलाठ्याच्या दप्तरातून उतारा काढून आपण कब्जेदाराच्या रकान्यातील नाव वाचले असते, कुळाची नोंद पाहिली असती, पीकपाणी तपासले असते. वाचलेल्या तासाचा सातबारा मात्र कोणत्याच चावडीवर मिळत नाही, आणि माझ्या मते संगणक-अभियंत्याच्या सुखदुःखाचा सारा प्रश्न त्या न मिळणाऱ्या उताऱ्यात आहे.

कुळाची उपमा मी सहज वापरली नाही. कूळकायद्यापूर्वी ज्या कुळाने बांध घातले, दगड वेचले, जे विहिरीसाठी अंग मोडून खपले, त्याच्या वाट्याला पुष्कळदा वाढीव खंड येई, किंवा सुधारलेली जमीन सोडून जाण्याचे फर्मान. म्हणून शहाणे कूळ परक्या जमिनीत बेताचाच जीव ओतीत असे, आणि मालक त्यास आळशी म्हणत असे. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याने, आणि पुढे १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'ने, कसणाऱ्याचे नाव मालकाच्या रकान्यात नेले, तेव्हा कोठे त्या आळसाचे मूळ आळसात नव्हते हे दिसून आले. भाच्याच्या त्या दोन महिन्यांच्या मौनात मला हे जुने कूळच बसलेले दिसले. त्याच्या व्यवसायातील जाणत्या लोकांकडून मी ऐकतो, की अशा लपवून ठेवलेल्या स्क्रिप्टा घरोघरी आहेत.

ज्या पांडवलेण्याच्या पायऱ्या तो चढत असे, तेथे या बाबतीत एक नमुनेदार दस्तऐवज दगडावर कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले: एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, अट ही की पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांची वस्त्रे द्यावीत. हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस! उरणारे कोणाचे, हे ठेवणाऱ्याने आधीच ठरवले, आणि मग ते अशा ठिकाणी लिहिले की कोणास खाडाखोड करता येऊ नये. आमच्या भाच्याच्या नेमणूकपत्राची चौदा पाने मी वाचली आहेत; त्यांत गुप्ततेविषयी चार पाने आहेत, वाचलेल्या वेळाविषयी अक्षर नाही.

आता या धंद्याची रचना थोडी पाहू. परदेशी गिऱ्हाइकाचे काम घेणाऱ्या कंपन्यांचे करार ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एकात अभियंत्याच्या तासांची विक्री होते: इतकी माणसे, इतके तास, तासाचा दर इतका, यास 'टाइम अँड मटेरियल' म्हणतात. दुसऱ्यात संपूर्ण कामाची किंमत आगाऊ ठरते. ते 'फिक्स्ड प्राइस'. पहिल्या जातीत अभियंत्याने काम अर्ध्या वेळात केले तर कंपनीचे बिल अर्धे होते, म्हणून मोकळा झालेला तास तातडीने दुसऱ्या कोणत्या तरी 'बिलेबल' कामाने भरणे हा कंपनीचा जीवनधर्म ठरतो. दुसऱ्या जातीत तोच तास सरळ कंपनीच्या नफ्यात जमा होतो. अभियंत्याचा पगार दोन्हींत महिन्याचा असतो. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. मॅनेजरच्या जागी मी असतो तर मीही त्या भाच्यास टाळ्या आणि तक्ते यांखेरीज काही देऊ शकलो असतो असे वाटत नाही.

आणि कंपनीच्या हाती तरी तो नफा किती दिवस राहतो? याचे उत्तर शोधण्यास बंगळूरला जावे लागत नाही, लासलगावला गेले तरी पुरते. १९४७ साली स्थापन झालेल्या तेथील बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याच्या हंगामात सकाळी उभे राहावे. ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकणारा, मूठभर कांदे उचलून, दाबून, वास घेऊन बोली पुकारायची, आणि काही क्षणांत चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लागायचा. समजा, एका शेतकऱ्याने ठिबक बसवले, चांगले बियाणे आणले, आणि एकरी उतारा वाढवला. पहिल्या वर्षी बाजारभाव जुनाच आणि क्विंटल जास्त, तेव्हा त्याच्या घरी नवी मोटारसायकल येते. ती मोटारसायकल गाव पाहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सारा तालुका ठिबक बसवतो. कांदा मुबलक होतो. आणि कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नसल्यामुळे भाव असा कोसळतो की जास्त पिकवणाऱ्यास पूर्वीइतकेच मिळते, आणि ज्याने ठिबक बसवले नाही त्याला तेवढेही मिळत नाही. विलर्ड कॉक्रेन या अमेरिकन कृषि-अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये या प्रकारास 'ट्रेडमिल' असे नाव दिले: पट्टा पायाखालून मागे सरकत असतो, आणि जागच्या जागी राहण्यासाठी धावावे लागते. लाभ अखेर खाणाऱ्याला होतो.

सॉफ्टवेअरचा तासही बाजारात विकला जाणारा माल आहे. नवे साधन आले की प्रथम हाताळणारी कंपनी आणि तिच्यातला चलाख अभियंता यांची दोन वर्षे बरी जातात. पुढच्या कराराच्या वेळी गिऱ्हाईक म्हणते, हे साधन आता सर्वांकडे आहे, दर कमी करा. दर कमी होतो. अभियंत्याने काल ज्या वेगाबद्दल बक्षीस मिळवले, तो वेग आज नोकरी टिकवण्याची अट झालेला असतो.

येथे वाचक रास्त आक्षेप घेईल, आणि तो मी मनापासून मान्य करतो. कांद्याची उपमा पन्नास वर्षे या व्यवसायास लागू पडली नाही. छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे यंत्रखान्यात द्यावेत, रात्रभर थांबावे, आणि सकाळी एका स्वल्पविरामाच्या चुकीपायी सारा गठ्ठा परत यावा, अशा काळापासून पुढे प्रत्येक सुधारणेने प्रोग्रामरचे काम शेकडो पटींनी सोपे केले. तरी प्रोग्रामरांची संख्या घटली नाही, पगार घटले नाहीत, उलट दोन्ही वाढतच गेले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाविषयी हीच गोष्ट टिपली होती: इंजिन जितके काटकसरीचे, तितका कोळशाचा एकंदर खप जास्त, कारण काटकसरीमुळे त्याला नवनवे उपयोग सापडतात. संगणकाला तसे उपयोग सापडत गेले. बँकेची खातेवही, रेल्वेचे आरक्षण, द्राक्षबागेतील हवामान-यंत्र, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत २००५ साली स्थापन झालेल्या ईएसडीएससारख्या कंपनीचे अहोरात्र गुणगुणणारे डेटा सेंटर, ही सारी त्या वाढत्या भुकेची रूपे आहेत. नाशिकच्या किती कुटुंबांतील कर्जे या पगारांनी फिटली, किती बहिणींची शिक्षणे झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पट्टा मागे सरकत होता, पण इमारतच वर चढत होती. इमारतीचे चढणे थांबले तर पट्टा तेवढा उरेल, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि पगार वाढले त्या काळातही तास वाढले नाहीत असे मला कोणी सांगितलेले नाही.

वेग मोजण्याची तऱ्हा हा या कथेतील विनोदी भाग. लिहिलेल्या ओळी मोजण्याची रीत एके काळी होती. १९८२ मध्ये ॲपलच्या बिल अ‍ॅटकिन्सनने चित्रलेखनाचा एक भाग नव्याने लिहून तो कैक पटींनी जलद केला आणि आठवड्याच्या फॉर्मात ओळींचा आकडा भरला 'उणे दोन हजार'. त्याच्याकडे पुढे तो फॉर्म मागितला गेला नाही म्हणतात. आता कामाच्या अंदाजी आकाराचे 'स्टोरी पॉइंट' मोजतात, उरकलेल्या कामांची तिकिटे मोजतात. आणि स्वतः अभियंत्याला तरी आपला वेग कळतो काय? जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एमईटीआर या अमेरिकन संशोधन संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली, काही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने, काही तिच्याविना. साह्याने वेळ २४ टक्के वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि काम संपल्यावरही २० टक्के वाचला, असेच त्यांना वाटत होते. सोळाच माणसे, आणि ती साधनेही आता जुनी झाली असतील, म्हणून या आकड्यांवर मी इमला बांधणार नाही. परंतु ज्या तासाचा मालक अनिश्चित, तो तास वाचला की नाही हेही अनिश्चित निघावे, यात एक कडवट गंमत आहे खरी.

उलट ज्याचा वेळ निर्विवादपणे त्याचा होता, असा एक माणूस आमच्याच तालुक्यात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, यंत्र तर नाहीच. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करीत राहावे. ३५२४ पासून निघालो तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४, आणि तेथून पुढे हलता येत नाही. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४. ही गोष्ट मास्तरांनी १९४९ मध्ये शोधून काढली. जगाच्या कानी ती बऱ्याच उशिरा, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरच्या लेखामुळे गेली. माझ्या भाच्याचा लॅपटॉप अशा साऱ्या संख्या पापणी लवण्याच्या आत तपासतो. मी त्याला तसे करून दाखवायला लावले. मास्तरांची उत्पादकता त्या यंत्रापुढे शून्यवत् होती. पण शाळेची नोकरी घंटेवर चालते, आणि घंटा झाल्यानंतरच्या वेळात कोणती संख्या घेऊन बसायचे हे त्यांना कोणत्या गिऱ्हाइकास विचारावे लागत नव्हते.

घंटा नाहीशी होणे ही या अभियंत्यांची खरी अडचण आहे. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून सुटणाऱ्या कामगाराची फाटकावर झडती होते. त्यात मानहानी आहे असे म्हणणाऱ्यास मी एवढेच सुचवीन, की त्या झडतीमुळे काम त्याच्या खिशातून घरी येऊ शकत नाही. भाच्याचे काम त्याच्या उशाशी असते. न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, त्यामुळे तिकडचा 'कॉल' नेमका आमच्या जेवणाच्या पानावर येतो. आणि अशा न संपणाऱ्या दिवसाचा पूर्वावतार मुंबईने पाहिलेला आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० मध्ये गिरणी कामगारांच्या पदरात रविवारची सुट्टी पडली खरी. पण पुरुषांच्या दिवसाच्या लांबीवर सूर्याचाच काय तो निर्बंध होता, आणि १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा तोही उठला. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास साचे चालू लागले. उजेड देणारे साधन म्हणून दिव्याइतके निष्पाप दुसरे काय असणार?

१९२८ मध्ये त्याच गिरण्यांत 'एफिशियन्सी'च्या योजना आल्या: विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने चात्यांच्या एका बाजूऐवजी दोन बाजू. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते, आणि अखेर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिसरा माग चालवता येतो की नाही, हा वादाचा विषय फारसा नव्हताच. तिसऱ्या मागाचे दाम कोणाचे, आणि त्यापायी जो घरी बसेल त्याचे काय, हा होता. निरक्षर म्हणून हिणवलेल्या माणसांनी विचारलेला तो प्रश्न आजचे उच्चविद्याविभूषित अभियंते अप्रेजलच्या मीटिंगमध्ये विचारीत नाहीत, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. भाच्याने गेल्या पावसाळ्यात दुसरी एक स्क्रिप्ट लिहिली. ती त्याने कोणाला दाखवलेली नाही, आणि तो पुन्हा सकाळी पायऱ्या चढू लागला आहे. पण हा चोरटा कब्जा आहे, मालकी नव्हे, हे त्यालाही ठाऊक आहे.

मालकीचे कागद या देशात झाले ते कायद्याने, आणि फार धीम्या गतीने. कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस १९११ च्या कायद्याने बारा तासांवर आणला, १९२२ च्या कायद्याने कारखान्यांतला दिवस अकरा तासांचा झाला, १९३४ मध्ये दहा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. दुकाने आणि आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये जो नवा कायदा केला त्यातही दिवसाचे नऊ तास आणि जादा वेळेस दुप्पट दाम ही कलमे होती. सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे यंत्र आता अभियंत्याचे निम्मे काम करील असे जो तो सांगत असताना, राज्याच्या मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांसाठी ही मर्यादा नऊ तासांवरून दहावर नेण्यास मंजुरी दिली. दहा हा १९३४ चा आकडा आहे.